महाड, महड आणि शोधयंत्र

रायगड जिल्ह्यात दोन गावे अशी आहेत, की त्यांच्यात मराठीत एका कान्याचा फरक आहे. खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात महड आहे; अष्टविनायकांतला वरदविनायक तिथला. दुसरे महाड, सावित्री आणि गांधारीच्या काठचे, रायगडाच्या पायथ्याकडे जाताना लागणारे, चवदार तळ्याचे. दोन्हींत रस्त्याने शंभरएक किलोमीटरचे अंतर. देवनागरीत गोंधळ होण्याचे कारण नाही. पण रोमन लिपीत दोन्ही गावे तीच पाच अक्षरे घेऊन उभी राहतात, आणि मोबाइलवर ती पाच अक्षरे टंकणाऱ्या माणसाला गणपती हवा आहे की तळे, हे यंत्राला ताडावे लागते.

हा घोटाळा संगणकाने जन्माला घातलेला नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत, म्हणजे कुलाबा आणि जंजिऱ्याच्या 1883 च्या खंडातही, दीर्घ 'आ' दाखवायला रोमन अक्षरावर तिरकी रेघ दिलेली असे. ती रेघ म्हणजे आपला काना. पुढे तारखाते, टाइपरायटर आणि इंग्रजी कळफलक यांच्या सोयीसाठी ती गळून पडली. जिल्ह्याचे तर दुहेरी झाले. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाब्याचा रायगड झाला, म्हणजे त्याआधीचा सारा छापील मजकूर जुन्या नावाखाली राहिला. आणि जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत नवे नाव 'रायगढ' अशा वळणाने लिहिले गेल्यामुळे छत्तीसगडचा रायगढ त्याच्या शेजारी येऊन बसला.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, लोकांच्या तोंडी एसईओ, शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी 'कीवर्ड' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ एवढाच की शोधणारा माणूस वस्तूला कोणत्या नावाने हाक मारतो. ग्रंथालयात सूचीपत्रे लिहिणाऱ्यांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होता. 'कुलाबा पाहा' आणि 'रायगड पाहा' अशी एकमेकांकडे बोट दाखवणारी पत्रे ते लिहीत.

तरी या विद्येला बाजारात वाईट नाव आहे, आणि ते तिने स्वतः कमावलेले आहे. 1990 च्या सुमारास माँट्रियलच्या विद्यापीठात 'आर्ची' हे फायलींची नावे शोधून देणारे साधन तयार झाले. 1994 मध्ये 'याहू'ची सूची माणसे हाताने लावत. 1995 च्या अखेरीस आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'ने मात्र पानांवरचे शब्दच जमा केले, आणि पानावर एखादा शब्द जास्त वेळा लिहिला की पान वर येते, हे चलाख लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याचे प्रकार त्या काळातले. 1998 मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी दुसरा मार्ग मांडला: एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात आणि त्या बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत काय, यावरून त्याचे वजन ठरवायचे. कल्पनेचे मूळ विद्वानांच्या व्यवहारात होते. कोणता शोधनिबंध कोणी उद्धृत केला, याची सूची यूजीन गारफिल्ड 1964 पासून नियमित छापत होते. मग लोकांनी खोटी बोटेही विकायला काढली. पानाच्या पोटात दडवलेली 'कीवर्ड'ची यादी आपण क्रमवारीसाठी मुळीच पाहत नाही, असे गूगलने 2009 मध्ये जाहीर केले. आजही काही शिकवण्या तीच यादी भरायला शिकवतात, हे ऐकून हसावे की काय ते कळत नाही.

मराठीला या सगळ्या लबाड्यांचा लाभ किंवा तोटा फारसा झाला नाही, कारण तेव्हा मराठी मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नव्हता. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, 1991 मध्येच, देवनागरी होती. विंडोज 2000 सोबत 'मंगल' हा टंकही आला. पण वृत्तपत्रे, छापखाने, कचेऱ्या आपापल्या टंकांत लिहीत राहिल्या. त्या टंकांत पडद्यावर 'महाड' दिसे, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खच असे. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हता, किंबहुना मजकूरच नव्हता. त्या वर्षांत कोकणातल्या गावांविषयी जे काही टंकले गेले, त्यातले बरेचसे अजून तसेच बंद पडून आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण बसून रूपांतर करणारा माणूस लागतो.

युनिकोड आल्यावरही गाठी सुटल्या असे नाही. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द पोलादपूरबद्दल लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाच्या हिशेबी दोन वेगळ्या अक्षरमाला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडात स्वतंत्रपणे 2008 मध्ये आले. त्याआधी 'अ' वर चंद्र चढवून काम भागवत, आणि अजूनही भागवतात. मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळदा सांभाळून घेतात. एखाद्या लहान संस्थेच्या संकेतस्थळावरची शोधपेटी घेत नाही, आणि वाचकाला वाटते की लेखच नाही.

नावाचा माग काढणे म्हणजे काय, याचा उत्तम धडा महाड तालुक्यातच आहे, आणि त्याचा संगणकाशी काही संबंध नाही. समर्थांच्या वास्तव्याची आणि 'दासबोधा'च्या रचनेची जागा म्हणून शिवथरच्या घळीचा उल्लेख परंपरेत होता; जागा मात्र विस्मरणात गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ संप्रदायाची कागदपत्रे जमवण्यात आयुष्य घातले, त्यांनी 1930 मध्ये ती शोधून काढली. आता या खोऱ्यात शिवथर एक नाही. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावे आहेत. नुसते 'शिवथर' म्हणून भागत नाही. आगेमागे काय जोडले आहे, कागद काय म्हणतो, जागेवर काय दिसते, हे ताडून पाहावे लागते. शोधयंत्र आज संदर्भावरून अर्थ लावते असे आपण म्हणतो, ते हेच काम, फक्त पायपिटीशिवाय.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठची गोष्ट याहून ताजी. हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. जानेवारी 2020 मध्ये त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला आणि त्याच्या नावात 'तान्हाजी' असे रूप होते. जुन्या कागदांतही ते रूप आढळते, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही. पण शाळेच्या पुस्तकावर वाढलेल्या पिढीने 'तानाजी' लिहिले होते आणि चित्रपटगृहातून बाहेर पडलेली पिढी 'तान्हाजी' शोधणार. उमरठवर लिहिणाऱ्याने काय करावे? दोन्ही रूपे मजकुरात यावीत, आणि दोन का आहेत याचे एक वाक्यही यावे. त्या वाक्याने वाचकाला माहिती मिळते आणि यंत्राला दुवा.

नवशिक्याला लागणारी साधने महाग नाहीत. गूगलचे 'स्टार्टर गाइड' 2008 पासून उपलब्ध आहे आणि अनेक सशुल्क शिकवण्यांपेक्षा प्रामाणिक आहे. यंत्राचा क्रॉलर पानापर्यंत कसा पोहोचतो, पान सूचीत कसे जाते, मग क्रम कसा लागतो, या तीन पायऱ्या त्यातून नीट समजतात. 'गूगल ट्रेंड्स' 2006 चे. त्यात 'तानाजी' आणि 'तान्हाजी' शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र त्यातले शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वांत उंच बिंदू शंभर धरून बाकीचे मोजलेले असते. जिथे शोधणारेच थोडे, तिथे ते शून्याशी येऊन थांबते, आणि म्हणून पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांसाठी ते निरुपयोगी ठरते. 'कीवर्ड प्लॅनर' मुळात जाहिरातदारांसाठी केलेले आहे. त्याचे आकडे त्या नजरेनेच वाचावेत. माझ्या मते लिहिणाऱ्याला खरा उपयोग 'सर्च कन्सोल'चा. आपल्या संकेतस्थळापर्यंत लोक कोणते शब्द टंकून आले, कोणत्या शब्दांवर आपले पान दिसले पण कोणी उघडले नाही, हे ते दाखवते. ती यादी वाचणे म्हणजे वाचकांची पत्रे वाचण्यासारखे आहे. अशुद्ध, तुटक, निम्मी रोमन लिपीत, पण काय हवे आहे ते स्पष्ट सांगणारी.

पण एक गोष्ट या साधनांत दिसत नाही: जे कोणी शोधतच नाही, कारण शोधायचे नाव त्यांना माहीत नाही. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि 20 तारखेला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यामागे रावबहादूर बोले यांचा 1923 चा कायदेमंडळातला ठराव होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने 1924 मध्ये केलेला ठराव. एवढे शाळकरी मुलालाही सापडते. (नुसते 'चवदार' टंकले तर यंत्राला स्वयंपाकघर आठवणार, पण 'तळे' जोडले की ते वाटेवर येते.) यानंतर तळ्यावरून दिवाणी दावा झाला, डिसेंबर 1927 मध्ये मनाईहुकूम निघाला, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जाऊन 17 मार्च 1937 रोजी डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे पाणी प्याल्यापासून दहा वर्षांनी, तीन दिवस कमी.

हा निकाल इंग्रजीत आहे आणि कायद्याच्या पुस्तकांत त्याचे नाव 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर'. नावात महाड नाही, तळे नाही, सत्याग्रहही नाही. भाषांतरित, संक्षिप्त किंवा नुसता उल्लेखरूपाने तो जिथे आला, तिथे तळ्याचे रोमन स्पेलिंग कोणी 'व्ही'ने केले, कोणी 'डब्ल्यू'ने, कोणी मध्ये एक 'ए' जास्तीचा घातला. महाडच्या महाविद्यालयातल्या मुलाने मराठीत 'चवदार तळे खटला' असे शोधले, तर त्या शब्दांपासून या निकालापर्यंत नेणारा पूल कोणीतरी मराठीत बांधून ठेवलेला हवा: एक पान, ज्याच्या शीर्षकात तळे आणि खटला दोन्ही आहेत, पहिल्या परिच्छेदात तारीख आणि पक्षकारांची नावे आहेत, नगरपालिकेच्या ठरावापासून अपिलापर्यंतचा क्रम आहे, आणि मूळ निकालाकडे दुवा आहे. त्या पानासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. निकाल वाचायला एक दुपार लागेल आणि मराठीत नीट मांडायला एक आठवडा.