बिल्ला आणि वाट : सायकल व नगरपालिका यांच्या संबंधाचा इतिहास



 इतिहासाच्या व्याख्यानास सायकल हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. सिल्वासात इतिहास म्हटला की २ ऑगस्ट १९५४ हा मुक्तिदिन आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. परंतु मुक्त झालेल्या गावाने पुढे आपले रस्ते कोणासाठी बांधिले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. त्या प्रश्नाचा एक पदर मी आज आपणांपुढे उलगडणार आहे.

मराठी मुलखात सायकल रुजविणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव आरंभीच घ्यावे लागते. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढिले. पुढच्या साऱ्या किर्लोस्कर उद्योगाचे मूळ त्या दुकानात आहे. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चीज होती. स्वातंत्र्यानंतर ती कारकुनाची, शिक्षकाची, दूधवाल्याची आणि गिरणी कामगाराची झाली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

त्या काळच्या नगरपालिकांनी सायकलीकडे कसे पाहिले? कर बसविण्याजोगे एक वाहन म्हणून. माझ्या वडिलांच्या सायकलीस नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे. वर्षाचा कर भरावा, नवा बिल्ला घ्यावा आणि तो सायकलीस तारेने बांधावा, असा परिपाठ होता. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला, तर चौकात अडवून सायकलीची हवा सोडीत. हा प्रसाद मलाही एकदा मिळालेला आहे. पैसे घेतले जात, पण त्या बदल्यात रस्त्याची हातभर कडाही सायकलीसाठी राखून ठेविल्याचे मला आठवत नाही.

पुढे हा कर गावोगाव उठला आणि आम्हांस हायसे वाटले. आज मागे वळून पाहताना मात्र एक गोष्ट ध्यानात येते. बिल्ल्यामुळे गावात सायकली किती आहेत, याची नोंद पालिकेच्या वहीत होत असे. कर गेला, तशी ती नोंदही गेली. आणि ज्याची नोंद नाही, त्याचा विचार रस्त्याच्या आराखड्यात करावयाचा कोणी?

त्यानंतरचा इतिहास पुण्यात स्पष्ट दिसतो. १९७२ साली ‘लूना’ बाजारात आली. बजाजच्या स्कूटरी तर पुणे परिसरातल्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. शहर पसरले, अंतरे वाढली, उत्पन्न वाढले आणि सायकल मागे पडली. पुढे महानगरपालिकेला तिची आठवण झाली. २००६ साली सुरू झालेल्या जलद बसमार्गाच्या कडेने सायकलमार्ग बांधण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजनाही निघाली. प्रारंभी तिचे मोठे कौतुक झाले. दोन-तीन वर्षांत त्या सायकली रस्त्यांवरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. बांधलेल्या मार्गांपैकी पुष्कळ ठिकाणी हातगाड्या आणि मोटारी उभ्या राहिल्या. मुख्य म्हणजे, जिथे धोका सर्वांत अधिक त्या चौकातच मार्ग संपत असे. पैसा खर्च झाला, हेतूही चांगला होता. वाट मात्र अखंड झाली नाही.

ही चूक केवळ आपलीच आहे असे कोणी समजू नये. सायकलींसाठी आज नावाजलेल्या नेदरलँड्समध्येही १९५० नंतर मोटारीने सायकलीस मागे सारले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. १९७२ मध्ये आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने राज्यकर्त्यांचेही डोळे उघडले. सरकारी साहाय्याने द हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहण्यात आला. अनुभव असा आला की जुनेच सायकलस्वार त्या मार्गाकडे वळले. नवे फारसे निर्माण झाले नाहीत. तेव्हा डेल्फ्ट या लहान शहराने निराळा प्रयोग केला. तुटलेले दुवे जोडून साऱ्या गावभर मार्गांचे जाळे विणले, आणि मग सायकलींचा वापर वाढला. घर ते शाळा, घर ते बाजार ही संपूर्ण वाट निर्धोक झाल्यावाचून आई आपल्या मुलास सायकल देत नाही, एवढाच या प्रयोगाचा अर्थ.

आता आपल्या गावाकडे येतो. सिल्वासा नगर परिषद २००६ साली स्थापन झाली. त्याच वर्षी केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची, हे तत्त्व मान्य केले. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांत रस्ते आणि पूल यांचा समावेश आहेच. २००१ च्या जनगणनेत सुमारे २२,००० वस्तीचे हे गाव २०११ मध्ये, वाढलेल्या हद्दीसह, ९८,२६५ लोकांचे शहर झाले. २०१८ साली स्मार्ट शहरांच्या यादीतही त्याचे नाव आले. करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागे मालमोटारी आल्या. त्याच मालमोटारींच्या कडेने पाळीवर जाणारा कामगार सायकल हाकतो आणि आपली विद्यार्थिनी शाळेत येते.

२०११ च्याच जनगणनेप्रमाणे देशातील १०० पैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती; मोटार ५ कुटुंबांकडेही नव्हती. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळू लागले, तेव्हा माध्यमिक शाळांतील त्यांची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, असे अभ्यासकांना आढळले. शाळा दूर असलेल्या मुलींना त्याचा लाभ अधिक झाला. सायकलस्वार घडविण्याआधी, जे आहेत त्यांना राखणे हे पालिकेचे पहिले कर्तव्य होय.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नगर परिषदेने प्रथम सायकली मोजाव्यात. यावेळी कर घेण्यासाठी नव्हे. शाळा सुटताना आणि कारखान्यांची पाळी बदलताना चौकाचौकांत उभे राहून मोजाव्यात. या कामी माजी विद्यार्थ्यांनी हात द्यावा. मग चौक आधी निर्धोक करावेत आणि दोन चौकांमधला मार्ग नंतर बांधावा. दिवे, सावली आणि पावसाचे पाणी वाहून जाण्याची सोय यांवाचून आपल्या हवेत कोणताही मार्ग टिकणार नाही.

वडिलांचा तो बिल्ला आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर सालाचा आकडा आहे आणि एक क्रमांक आहे. त्या क्रमांकाचा सायकलस्वार गावात आहे, हे त्या काळी पालिकेला ठाऊक होते. आज या शाळेच्या फाटकातून सायकलीवर बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची संख्याही तिला ठाऊक असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.