नाव उल्हासनगर, पत्ता कॅम्प

ताजिकिस्तानच्या राजधानीचे नाव दुशान्बे. ताजिक भाषेत या शब्दाचा अर्थ सोमवार. सोमवारी बाजार भरणारे हे खेडे 1924 साली सोव्हिएत राजवटीत राजधानी झाले, आणि 1929 मध्ये त्याचे नामकरण झाले स्तालिनाबाद. 1961 मध्ये ते नाव पुसले गेले व बाजाराचा वार परत आला. सत्तेने दिलेले नाव आणि लोकांच्या तोंडी रुळलेले नाव यांतली ही ओढाताण पाहायला आम्हां कुळगावकरांना मध्य आशियात जावे लागत नाही. कर्जतकडून येणारी लोकल अंबरनाथहून सुटली, की पुढचे स्थानक उल्हासनगरचेच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळच्या या माळावर लष्करी छावणी वसवली. सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसे मावतील एवढी. मध्ये लांबरुंद दालन, दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेक बराकींची रचना. युद्ध संपल्यावर छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित तिथे येऊन राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली व ‘कल्याण कॅम्प’चे ‘उल्हासनगर’ झाले. नाव नदीवरून आले हे खरे. तरी घरदार गमावून आलेल्यांच्या वस्तीला हे नाव देण्यात आशावाद होता की सरकारी भाबडेपणा, हा प्रश्न पडतोच.

स्तालिनाबादसारखे हे नाव मात्र पुसले गेले नाही. ते टिकले, पण पत्त्यात ‘कॅम्प’ही टिकला. आजही रिक्षावाल्याला सांगायचे ते ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प पाच’ असेच. 1960 मध्ये नगरपालिका आली, 1996 मध्ये महानगरपालिका. छावणीचे आकडे तसेच राहिले.

या शहराचा स्वभाव, आमच्या मते, बराकीतच घडला. सैनिकांच्या निजण्यासाठी बांधलेल्या जागेत कुटुंबांनी आडपडदे लावून संसार मांडले. जिथे राहायचे तिथेच पापड लाटायचे, तिथेच कपडे शिवायचे. राहते घर आणि कारखाना यांत भिंत उरली नाही. पुढे जीन्स शिवणारी दुकाने, फर्निचरचा बाजार, कापडाचे गजानन मार्केट हा सारा व्याप याच सवयीतून वाढला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण मराठी माणसे चवीने सांगतो. हाती भांडवल नाही, बाजारात नाव नाही, अशा माणसाने दुसऱ्याचे नाव वापरले, याची दुसरी बाजू विनोदात येत नाही. निर्वासितांना स्वतःला ‘शरणार्थी’पेक्षा ‘पुरुषार्थी’ हा शब्द अधिक रुचे, हेही आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

पण या सवयीची किंमतही शहराने मोजली. तात्पुरत्या जागेवर कायमचे बांधताना परवानगी मागे पडली. विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनासाठी 1954 चा कायदा आला, सनदा मिळू लागल्या; बांधकामे मात्र कागदाच्या पुढे धावत राहिली. बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याखाली प्रत्यक्षात नियमित झालेल्या इमारती फारच थोड्या. मे 2021 मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली.

वालधुनीचीही तीच गत. अंबरनाथला ही नदी शके 982 मधल्या, म्हणजे 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, आणि पुढे उल्हासनगरातून जाते. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी तिचे पाणी निळे केले. 2014 मध्ये तिच्यात रसायने ओतली गेली, तेव्हा वायूची बाधा झालेल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. ते सारे नदीकाठी राहणारे होते. काठाची ती जागा त्यांच्यापैकी कितीजणांच्या नावावर होती, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.