अकरा महिन्यांचं घर

मे महिना लागला की नालासोपारा-विरारच्या गल्ल्यांत छोटे टेम्पो दिसायला लागतात. कपाट, शेगडी, गुंडाळलेल्या गाद्या. करार संपला, आता नवी रूम, नवं डिपॉझिट, पुन्हा एजंटची दलाली. माझा प्रश्न साधा आहे. हे अकरा महिने आले कुठून?

1908 चा नोंदणी कायदा म्हणतो, एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे. नोंदणीचा खर्च आणि खेपा टाळायच्या, तर मुदत वर्षाच्या आत ठेवायची. म्हणजे अकरा महिने ही मुळात पळवाट आहे.

आता दुसरा धागा. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा 1918 साली सरकारने भाड्यावर पहिल्यांदा नियंत्रण आणलं. 1947 च्या कायद्याने प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरू वाचला, हे खरंच. पण भाडं गोठलं, मालकाने डागडुजी सोडली आणि पागडी बोकाळली. मग मालकांनी ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळला आणि लीव्ह अँड लायसन्स आलं. लायसन्स म्हणजे हक्क नव्हे, नुसती परवानगी. 1973 मध्ये शासनाने त्यावरही उपाय केला. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे असे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरूच मानलं. मालकांनी धसका घेतला. घराला कुलूप परवडलं, पण भाडेकरू नको!

हा धसका अजून गेलेला नाही. कायदा मात्र कधीच बदलला. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम 24 नुसार लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं, नाही तर दुप्पट रक्कम भरायची. आणि कलम 55 म्हणतं, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य.

आता बघा, अकरा महिन्यांचा करारही नोंदवायचाच आहे, तर अकराच का? पळवाट बुजली, आकडा तेवढा उरला. जो कायदा आता नाही, त्याच्या भीतीपोटी पोरांच्या शाळा बदलतात.

आपल्याकडे याहून मोठी अडचण आहे. वसई-विरार महापालिका 2009 साली झाली. 2011 च्या जनगणनेत इथे 12 लाखांवर माणसं होती. गर्दी वाढली तशी परवानगी नसलेली बांधकामंही वाढली. नालासोपारा पूर्वेला अग्रवालनगरीत आरक्षित जागेवरच्या 41 इमारती 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, 17 माणसं गेली. विकत घेणारेही अशा ठिकाणी फसतात. भाड्याने येणारा तर पाणी किती वेळ येतं एवढंच विचारतो. इमारतीचा कागद आपणही मागायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि इमारतच बेकायदा असेल तर नोंदवलेला करार त्याला कितपत वाचवणार?

मग करायचं काय? पहिलं, दोन-तीन वर्षांचा करार मागा आणि दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्या. कायदा आड येत नाही. मालकालाही सांगा, कलम 24 तुमच्याच बाजूचं आहे. दुसरं, करार नोंदवताना इमारतीची परवानगी जोडणं सक्तीचं करावं. अनधिकृत आणि धोकादायक इमारतींची यादी प्रत्येक प्रभागात, लोकांच्या नजरेला पडेल अशी लावावी. तिसरं, डिपॉझिटला मर्यादा हवी. केंद्राच्या 2021 च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे.

यातल्या पहिल्या गोष्टीसाठी शासनाची वाट बघायला नको. पुढचा करार करायला बसाल तेव्हा मुदतीच्या रकान्यात अकरा लिहिण्याआधी एकदा विचारा, का म्हणून?