ऑगस्ट १९४९: कल्याणची छावणी आणि बदलते जग

१/ ८ ऑगस्ट १९४९. कल्याणजवळच्या एका जुन्या लष्करी छावणीत भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते. त्यांच्या हस्ते तेथे एका नव्या नगराची पायाभरणी झाली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचे नाव पडले उल्हासनगर. त्याच महिन्यात जगाचीही नवी मांडणी होत होती.

२/ ही छावणी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी उभारली होती. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी उरल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार मांडले गेले.

३/ पंजाब आणि बंगाल या प्रांतांची विभागणी झाली. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे स्वतःचा असा प्रांतच उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि स्थलांतराला वेग आला. अनेक कुटुंबे जहाजाने मुंबई बंदरात उतरली. कल्याण कॅम्पातील वस्ती एक लाखाच्या घरात पोहोचली.

४/ डोक्यावर छप्पर आले; पण ही माणसे कायद्याने कोणत्या देशाची? पायाभरणीनंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, दिल्लीत संविधान सभेने नागरिकत्वाची कलमे चर्चेला घेतली. अन्य एक कलम वगळता या कलमाइतका त्रास मसुदा समितीला दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नाही, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिली. या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल, असा आक्षेप विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी घेतला.

५/ पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक ठरली. त्यापूर्वी येऊन भारतात स्थायिक झालेल्यांना नोंदणीची गरज नव्हती. मात्र ती व्यक्ती किंवा तिचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणाचा तरी जन्म अविभाजित भारतात झालेला असणे आवश्यक होते. त्या तारखेनंतर आलेल्यांना अर्ज करावा लागणार होता आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने भारतात वास्तव्य असणे बंधनकारक होते. एकाच बराकीतील दोन शेजाऱ्यांना काही आठवड्यांच्या फरकाने वेगळा नियम लागू होऊ शकत होता.

६/ ही चर्चा १२ ऑगस्टला संपली. त्याच दिवशी स्वित्झर्लंडमध्ये चार जिनिव्हा करार झाले. पहिले तीन करार जखमी सैनिक, जहाजबुडीत सापडलेले सैनिक आणि युद्धकैदी यांच्या रक्षणाच्या जुन्या नियमांची सुधारित रूपे होती. चौथा पूर्णपणे नवा होता. युद्धकाळातील सामान्य नागरिकांच्या संरक्षणासाठी प्रथमच स्वतंत्र करार झाला.

७/ महिनाअखेरीस चित्र पालटले. २४ ऑगस्टला नाटोचा करार अमलात आला. २९ ऑगस्टला सोव्हिएत संघाने कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे आपल्या पहिल्या अणुबाँबची चाचणी केली. अणुशस्त्रांवरील अमेरिकेची मक्तेदारी संपली. पण जगाला ही वार्ता कळली २३ सप्टेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या निवेदनातून.

८/ एका महायुद्धाने कल्याणला बराकी दिल्या आणि एका फाळणीने त्या माणसांनी भरल्या. आज डोंबिवलीहून अंबरनाथकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर स्थानकात थांबते. सैन्य जाऊन पाऊण शतक उलटले, तरी तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ अजून टिकून आहेत.