डोळा काही म्हणत नाही का?

गेल्या महिन्यात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता हे ऑपरेशन म्हणजे दाढ काढण्याइतकं रोजचं झालंय, पण आपल्या आईचं असलं की रोजचं वाटत नाही. आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे पेनाने डोळ्याचं चित्र काढून आम्हाला समजावलं. इथे बारीक चीर द्यायची, मग आत जेल भरायचं, मग जुनं भिंग फोडून ओढून घ्यायचं, पुन्हा थोडं जेल, मग नवीन भिंग.

आईने लगेच विचारलं, "अहो डॉक्टर, साधं कुसळ गेलं तर डोळा दिवसभर लाल होतो. तुम्ही एवढं जेल भरणार, तर डोळा काही म्हणत नाही का?"

"म्हणतो ना काकू. राहिलं तर प्रेशर वाढवतो. म्हणून तर शेवटी धुऊन काढतो," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. बाहेर सतरा जण बसले होते, त्यांचाही इलाज नव्हता.

पण आईचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. प्रेशरचं ठीक आहे, ती नळ तुंबल्यासारखी गोष्ट. पण जिवंत शरीराच्या आत परकं जेल ठेवलं आणि शरीराने तक्रार केली नाही, हे पहिल्यांदा कोणी आणि कसं तपासलं? दोन वीकेंड यातच गेले. (बायकोच्या मते तीन.) जे हाती लागलं ते आजच्या पोस्टमध्ये.

सुरुवात जेलपासून होत नाही, विमानापासून होते. १५ ऑगस्ट १९४०, ब्रिटनवर जर्मन हवाई हल्ले चालू होते. गॉर्डन क्लीव्हर या पायलटच्या हरिकेन विमानाला गोळ्या लागल्या, कॉकपिटवरचं प्लास्टिकचं झाकण फुटलं आणि त्याचे तुकडे दोन्ही डोळ्यांत घुसले. पुढे त्याच्यावर उपचार करणाऱ्या हॅरल्ड रिडली या लंडनच्या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की काही तुकडे डोळ्यातच राहिलेत आणि डोळा त्यांच्याविरुद्ध काहीच करत नाहीये. ना सूज, ना पू. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिलं ऑपरेशन केलं. म्हणजे ही चाचणी कोणी ठरवून केलीच नव्हती. ती युद्धाने केली आणि निकाल वाचायला नेमका योग्य माणूस तिथे होता.

पण भिंग डोळ्याला चालणं वेगळं आणि ते आत बसवताना धक्का न लागणं वेगळं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर काढून तो स्वच्छ ठेवतो. माणसात या पेशी एकदा गेल्या की व्यवहारात परत येत नाहीत. भिंग सरकवताना तो थराला नुसतं घासलं तरी पेशी मरतात, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झालं. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जागा फुगलेली राहावी म्हणून सर्जन तेव्हा हवेचा बुडबुडा सोडत. बुडबुडाच तो, जरा कललं की निसटणार. हवं होतं ते पारदर्शक, दाट, गादीसारखं काहीतरी, आणि तेही डोळ्याला न चिडवणारं.

असा पदार्थ तोवर चाळीस वर्षं ठाऊक होता. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी कोलंबिया विद्यापीठात गायीच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या गरातून एक लांबच लांब साखळीचा रेणू वेगळा काढला होता, हायल्युरॉनिक ॲसिड. नाव भयंकर आहे, पण हा आपल्या सांध्यांत, कातडीत, नाळेत, सगळीकडे असतो. गंमत म्हणजे गाय असो, कोंबडा असो नाहीतर माणूस, या साखळीची कडी तीच असते. प्रोटीनचं तसं नसतं, गायीचं प्रोटीन आणि माणसाचं प्रोटीन यात फरक असतो आणि शरीर तो ओळखतं. इथे ओळखायला काही वेगळं नाहीच. म्हणजे कागदावर प्रश्न सुटलेला.

माझ्या धंद्यातले लोक इथे हसतील. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय!

प्रत्यक्षात हा पदार्थ काढून डोळ्यात घातला की डोळा सुजायचा. कधी कमी, कधी जास्त. एक बॅच चालायची, दुसरी नाही. या भानगडीच्या मागे लागलेला माणूस म्हणजे एंड्रे बालाझ. १९२० साली बुडापेस्टमध्ये जन्म, युद्धानंतर स्वीडन, १९५० च्या दशकापासून बॉस्टनची रेटिना फाउंडेशन. सांगतात की १९४२ मध्येच त्याने या पदार्थासाठी पेटंट मागितलं होतं, बेकरीत अंड्याच्या पांढऱ्या बलकाऐवजी वापरायला! बॉस्टनमध्ये मात्र त्याच्यासमोर पडदा सुटलेले डोळे होते आणि डोळ्याच्या मागच्या पोकळीतला गेलेला गर भरून काढायला त्याला काहीतरी हवं होतं. कच्चा माल कुठला, तर कोंबड्याचा तुरा. तुऱ्यात हा पदार्थ भरपूर असतो, म्हणून तर तो असा ताठ आणि लुसलुशीत.

तुऱ्यातून हायल्युरॉनिक ॲसिड काढताना सोबत प्रोटीनचे तुकडे, डीएनए, जिवाणूंच्या कवचाचे अंश असं बरंच काही येतं. ते काढायच्या रीती होत्या, किती उरलं हे मोजायची यंत्रंही होती. तरी यंत्राने पास केलेली बॅच डोळा नापास करू शके. दोष नेमका कशात आहे हे कोणालाच बोट ठेवून सांगता येत नव्हतं. मग बालाझने परीक्षकच बदलला आणि डोळ्यालाच विचारायचं ठरवलं.

त्यासाठी त्याने निवडलं दक्षिण अमेरिकेतलं आउल मंकी. रात्री हिंडणारं, मोठ्या गोल डोळ्यांचं छोटं माकड. निवडीचं कारण मला फार आवडलं. आपल्या डोळ्याच्या मागचा गर जेलीसारखा घट्ट असतो, तो ओढायला गेलं तर पडद्यालाच हिसका बसतो. या माकडात तो बहुतेक द्रवच असतो, त्यामुळे सुईने निम्मा काढून घेता येतो आणि तेवढीच नवीन बॅच आत सोडता येते. मग ४८ तास थांबायचं. डोळ्यात धूसरपणा आलाय का, रक्तवाहिन्या फुगल्यात का ते बघायचं आणि पुढच्या कप्प्यातलं पाणी काढून त्यात पांढऱ्या पेशी मोजायच्या. दर घन मिलिमीटरला २०० पेक्षा कमी असतील तर बॅच पास. १९७९ च्या त्याच्या अमेरिकन पेटंटमध्ये या माकडाच्या डोळ्याची परीक्षा चक्क पदार्थाच्या व्याख्येतच आहे.

शुद्ध मालाला त्याने नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होतो "दाह न करणारा अंश". बघा, नाव पदार्थात काय आहे ते सांगतच नाही, डोळ्याने काय केलं नाही ते सांगतं. आपल्याकडे आधी टेस्ट लिहून मग कोड लिहायची पद्धत फॅशनमध्ये आली, त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची ही गोष्ट. बग सापडला नाही तरी चालेल, टेस्ट हिरवी झाली पाहिजे. आपण असं केलं तर रिव्ह्यूमध्ये बोलणी बसतील, पण इथे मला त्याचंच बरोबर वाटतं. कारण शेवटी माल जाणार होता डोळ्यातच.

डोळाच का, याचंही कारण आहे. कातडीखाली किंवा पोटात काही ठेवलं तर आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. तिथे शरीराची एक ठरलेली रीत असते. आधी मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन ती वस्तू खायला बघतात. खाता आली नाही तर एकमेकींत मिसळून महाकाय पेशी होतात. तेही जमलं नाही तर वस्तूभोवती तंतूंची भिंत बांधून तिला वाळीत टाकतात. बाहेरून सगळं शांत दिसतं. डोळ्यात मात्र खिडकीच आहे, दोन पेशी जास्त तरंगल्या तरी प्रकाशात दिसतात.

हे शुद्ध जेल १९७७ मध्ये डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी भिंग बसवताना सशांच्या डोळ्यांत वापरून बघितलं. जेल घातलेल्या डोळ्यांत कॉर्नियाचा थर वाचला. पण सशाच्या त्या पेशी मेल्या तरी बऱ्याच प्रमाणात परत येतात, माणसाच्या येत नाहीत. म्हणजे ससा हा जरा सढळ हाताने मार्क देणारा परीक्षक. पुढे मिलर आणि दक्षिण आफ्रिकेतले रॉबर्ट स्टेगमन यांनी माणसांवरच्या ऑपरेशनचा अनुभव मांडला आणि १९८० च्या आसपास स्वीडनच्या फार्मासिया कंपनीचं हेलॉन हे जेल ऑपरेशन थिएटरात रुळलं.

परीक्षक कोण यावर निकाल किती बदलतो याचं दुसरं टोक बघायचं तर त्याच काळातलं कोलॅजेन घ्या. १९८१ मध्ये अमेरिकेत झायडर्म नावाचं गायीच्या कोलॅजेनचं इंजेक्शन मंजूर झालं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नि खड्डे भरायला. हे प्रोटीन. प्राण्यांवर तपासलं, माणसांवर तपासलं, बहुतेकांना चाललं. पण शंभरातल्या साधारण तिघांना चालायचं नाही आणि ते तिघे कोण हे कुठलाच उंदीर सांगू शकत नव्हता. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर आधी थोडं टोचून चार आठवडे वाट बघायची. काहींचा हात तेव्हाही गप्प राही आणि चेहरा नंतर बोले, म्हणून मग दोनदा टोचायची पद्धत आली. इथे परीक्षक तुम्ही स्वतःच!

आणि अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातलं जेल. १९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्या बारीक गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांत घातल्या. दोन-तीन आठवडे साखर ताब्यात राहिली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण गोळ्यांभोवती ती वाळीत टाकणारी भिंत उभी राहायची आणि आतल्या पेशी गुदमरायच्या. पुन्हा त्यातही, उंदरांच्या एका जातीत भिंत जाड, दुसरीत जवळजवळ नाही. ज्याने सौम्य जात निवडली त्याचे निकाल सुंदर! २०१५ मध्ये एमआयटीच्या रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने दाखवलं की जेल तेच ठेवून गोळीचा व्यास अर्ध्या मिलिमीटरवरून दीड मिलिमीटर केला तर भिंत खूपच कमी होते. मोठी गोळी जास्त खुपेल असं आपल्याला वाटतं, शरीराला उलट वाटलं. रसायन तेच, आकार वेगळा, आणि उत्तर वेगळं. पस्तीस वर्षं लोक मुख्यतः रसायनच घासत बसले होते.

या सगळ्यात "निष्क्रिय पदार्थ" हा शब्द हळूहळू मागे पडला. १९८० च्या दशकात डेव्हिड विल्यम्स वगैरे मंडळींनी व्याख्या फिरवली. शरीराने काहीच करू नये असं नाही, त्या कामासाठी योग्य तेवढंच करावं. १९९० च्या दशकात आयएसओ १०९९३ नावाची मानकं आली, त्यातला सहावा भाग खास शरीरात ठेवलेल्या वस्तूभोवतीच्या ऊतींसाठी. आज हायल्युरॉनिक ॲसिड बरंचसं जिवाणूंकडून करून घेतात आणि जिवाणूंच्या विषाचे अंश परीक्षानळीत मोजता येतात. तरी प्राण्यांचं काम संपलेलं नाही. त्या आउल मंकींबद्दल वाचताना मला बरं वाटत नव्हतं, हेही सांगून टाकतो. आणि दुसऱ्या टॅबमध्ये आईच्या ऑपरेशनची वेळ उघडी होती.

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरबाईंनी आईची हनुवटी त्या मशीनवर टेकवली आणि डोळ्यात प्रकाशाची तिरपी फीत सोडली. बराच वेळ बघत होत्या. मी विचारलं, नेमकं काय शोधताय?

"सेल्स," त्या म्हणाल्या. "पुढच्या कप्प्यात पांढऱ्या पेशी तरंगतायत का ते. धुळीसारख्या दिसतात."

मी गप्प बसलो. केसपेपरवर त्यांनी लिहिलं, सेल्स एक प्लस. म्हणजे थोड्या आहेत, पहिल्या दिवशी एवढ्या असतातच. थेंब दिवसातून सहा वेळा, आठवड्याने परत दाखवायचं.

"म्हणजे म्हणाला ना डोळा काहीतरी," आई म्हणाली. मग लगेच, "संध्याकाळी टीव्ही बघितला तर चालेल ना हो?"