हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर

संगणकाचे दोन परस्परावलंबी घटक. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड, पडदा हे यंत्राचे भाग म्हणजे हार्डवेअर. या भागांकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. ‘हाताला लागते ते हार्डवेअर’ ही शाळेत शिकवली जाणारी व्याख्या सोयीची, पण अपुरी आहे. सॉफ्टवेअरही विद्युतभाराच्या किंवा चुंबकीय खुणांच्या रूपात कुठेतरी साठवलेलेच असते. यंत्राची जडणघडण तशीच ठेवून जे बदलता येते ते सॉफ्टवेअर, असे म्हणणे अधिक नेमके.

आरंभी ही विभागणी नव्हती. फिलाडेल्फियातील एनियाक (१९४६) या सुमारे १८,००० निर्वात नलिकांच्या यंत्राला नवे गणित घालायचे तर तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. त्यात कित्येक दिवस जात. जीन बार्टिक, बेटी होल्बर्टन यांच्यासह सहा स्त्रियांनी ही जोडणी बसवली. यंत्राच्या जाहीर प्रात्यक्षिकात मात्र त्यांची ओळखही करून दिली गेली नाही, हा अन्याय नोंदवायलाच हवा. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातील लहानशा यंत्राने स्वतःच्याच मेमरीत साठवलेली आज्ञावली चालवली. टॉम किलबर्न यांनी लिहिलेल्या त्या १७ आज्ञांनी ५२ मिनिटांत उत्तर काढले. आता गणित बदलायला तारांना हात लावावा लागणार नव्हता.

सॉफ्टवेअर दीर्घकाळ यंत्रासोबतच मिळे. १९६९ मध्ये आयबीएमने त्याची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले.

सीमारेषा मात्र पक्की नाही. अपोलो यानांच्या संगणकातील आज्ञावली कामगार स्त्रियांनी तारांनी अक्षरशः विणलेली होती: तार चुंबकीय कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एकदा विणल्यावर त्यात बदल करणे अतिशय जिकिरीचे असे. इंटेलच्या पेंटियम चिपमधील एका कोष्टकात काही नोंदी राहून गेल्याने ठरावीक भागाकार चुकतात, हे १९९४ मध्ये उघड झाले. मूळ चूक चिपमध्येच कोरलेली असल्याने इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या, त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. पुढच्या प्रोसेसरांत अंतर्गत सूक्ष्म आज्ञा नंतरही बदलण्याची सोय आली. २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरच्या रचनेतील दोषावर म्हणूनच बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरमधून उपाय करता आला, काहीसा वेग गमावून.