लहान संगणक घरी जोडताना

तपकीर गल्लीत जायचे, सुटे भाग निवडायचे आणि दुकानदाराकडूनच संगणक जोडून घ्यायचा, हा अनेक पुणेकर कुटुंबांचा जुना शिरस्ता. मुंबईला लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीला नेहरू प्लेस, तशी पुण्याला बुधवार पेठेतील ही गल्ली. जोडलेला संगणक म्हणजे दुय्यम, असा एक समज मात्र तेव्हापासून रूढ आहे. त्यात तथ्य नाही. पुण्याच्याच सी-डॅकने १९९१ मध्ये साकारलेला ‘परम ८०००’ हा महासंगणकदेखील इन्मॉस कंपनीचे तयार ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडूनच उभा राहिला होता.

टेबलाखालच्या अवजड कॅबिनेटऐवजी आता जेवणाच्या डब्याएवढा संगणक पुरतो आणि त्याची जोडणी दुकानदाराविना, घरी करता येते. प्रत्यक्ष जोडणीचे काम फार तर अर्ध्या तासाचे. पैसे वाया जातात ते त्याआधी, भागांची निवड चुकल्यामुळे.

अशा अर्धवट तयार संगणकाला बाजारात ‘बेअरबोन’ म्हणतात. त्यात कॅबिनेट, आत बसवलेला मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. रॅम, माहिती साठवणारी एसएसडी आणि ऑपरेटिंग सिस्टिम ग्राहकाने आणायची. तैवानच्या शटल कंपनीने २००१ च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. इंटेलने २०१३ मध्ये ‘एनयूसी’ ही मालिका बाजारात आणली. तिचा मदरबोर्ड जेमतेम चार इंच लांबी-रुंदीचा होता. जुलै २०२३ मध्ये इंटेलने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि त्यानंतर ही मालिका आसुस कंपनीकडे गेली.

खरेदीपूर्वी पहिला प्रश्न प्रोसेसरचा. एनयूसीसारख्या डब्यांत तो मदरबोर्डवर कायमचा बसवलेला असतो. पुढे बदलता येत नाही. अ‍ॅसरॉकच्या ‘डेस्कमिनी’सारख्या डब्यांत रिकामे सॉकेट असते. तेथे प्रोसेसर वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारण ६५ वॉटच्या मर्यादेतला लागतो. त्यावरचा कूलरही बुटकाच हवा, अन्यथा झाकण बसत नाही. पुण्याचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो, हे ध्यानात ठेवून डब्याच्या जाळ्या मोकळ्या राहतील अशी जागा आधीच ठरवावी. भिंतीतील बंद कपाटात हा डबा ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय.

सर्वाधिक चुका रॅमच्या खरेदीत होतात. बहुतेक लहान बेअरबोनमध्ये लॅपटॉपची रॅम लागते. डेस्कटॉपची रॅम सुमारे १३ सेंटिमीटर लांब असते, लॅपटॉपची सातहून थोडी कमी. शिवाय डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पिढ्या परस्परांच्या खाचेत बसत नाहीत. एका मोठ्या रॅमऐवजी सारख्या क्षमतेच्या दोन घेणे श्रेयस्कर, कारण अशा संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते. पडद्यावरील चित्रही याच रॅममधून तयार होते आणि दोन रॅममुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते.

एसएसडीचेही तसेच. पट्टीसारखी दिसणारी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एम.२ एसएसडी दोन जातींची असते : साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्या. पण अनेक मदरबोर्ड फक्त दुसरीच ओळखतात. दुकानात जाताना बेअरबोनचा नेमका मॉडेल क्रमांक लिहून न्यावा आणि उत्पादकाने दिलेली सुसंगत भागांची यादी पाहूनच पैसे मोजावेत.

हा संगणक तयार संगणकापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हा हे गणित आणखी बिघडले. खरी बचत होते ती घरातील बंद पडलेल्या लॅपटॉपमधील रॅम आणि एसएसडी चालण्याजोगी असेल आणि नव्या डब्याला जुळत असेल तर. गेम खेळण्यासाठी पुढेमागे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचार असेल, तर या वाटेला न गेलेलेच बरे. आणखी एक : जोडलेल्या संगणकाची एकत्रित वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची जबाबदारी त्याच्या उत्पादकाची. १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहात पक्के बिल सोडल्यास पुढे दाद मागणे कठीण. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा.

जोडणीसाठी एक लहान फुली स्क्रूड्रायव्हर पुरेसा. अ‍ॅडॅप्टर लावण्यापूर्वीच सर्व काम उरकावे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते. म्हणून लोकरी कपडे टाळावेत, अधूनमधून डब्याच्या धातूच्या भागाला स्पर्श करावा आणि रॅम कडेनेच धरावी. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबायची आणि स्क्रूने बसवायची. रॅमही तिरकीच आत जाते. दाबल्यावर दोन्ही बाजूंच्या पकडी खट् आवाज करून बसल्या पाहिजेत. जोर लावावा लागला, तर दिशा चुकली असे समजावे. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असूनही आर्थिंग नसते, तेव्हा ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे हिताचे.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तरी लगेच बटण दाबून बंद करू नये. डीडीआर ५ रॅम असल्यास मदरबोर्ड ती जुळवून घेण्यास काही मिनिटे घेतो. त्यानंतरही चित्र न आल्यास वीज काढून एकच रॅम लावून पाहावी. चित्र उमटले की बायोसमध्ये रॅमची पूर्ण क्षमता आणि एसएसडीचे नाव दिसते का, ते पाहावे.

मग ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर लागतात; दुकानात पडून असलेला जुना बेअरबोन सवलतीत घेताना हे विशेष पाहावे. लिनक्सला अशी अट नाही, परवान्याचा खर्चही नाही आणि मराठीसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड उबुंटूसारख्या प्रचलित आवृत्त्यांत सोबतच येतो. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह तेवढा हाताशी हवा.